लस टोचल्यानंतरचा अर्धा तास

“सिस्टर, काही होणार नाही ना?”

तुर्भ्याच्या इंदिरानगरात समाजमंदिराच्या ओट्यावर लसीकरणाचं टेबल मांडलं की पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच. माझ्या नोकरीला बावीस वर्षं झाली. पहिली बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं असायचं, “काही नाही होत गं, दे पाय इकडे.” मग एकदा पेंटाच्या (पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या) डोसानंतर एका बाळाच्या डाव्या मांडीला लिंबाएवढी गाठ आली आणि दोन रात्री ताप आला. तिसऱ्या दिवशी त्याची आजी सेंटरवर आली. भांडली नाही, आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, “तुम्ही तर म्हणाला होता, काही होत नाही.” त्यानंतर तीन महिने त्या गल्लीतून एकही बाळ आलं नाही. आशाताई ड्यू लिस्ट (लस द्यायच्या बाळांची यादी) घेऊन दारोदार फिरायच्या आणि आतून कडी लागायची.

गाठ विरली, ताप उतरला. लस बरोबर होती, जागा बरोबर होती, सुईही बरोबर होती. चुकलं होतं ते माझं वाक्य.

यंदा आमच्याकडे तीन नव्या एएनएम (लस देणाऱ्या सिस्टर) आल्या आहेत. ट्रेनिंगमध्ये त्यांना सगळं शिकवलेलं आहे, पण टेबलासमोर चाळीस बाया, रडणारी पोरं आणि वर गरगरणारा एकच पंखा असला की शिकलेलं कुठे जातं ते मला माहीत आहे. त्यांच्यासाठी वहीत जे लिहून काढलं तेच इथे देते आहे. खाजगी दवाखान्यांत लसी देणाऱ्या सिस्टरांनी तर जरूर वाचावं, कारण तिथे सुई टोचली की पेशंट पैसे देऊन थेट लिफ्टकडे निघतो.

आधी काय सांगायचं

‘काही होत नाही’ हे म्हणायचंच नाही. काय होईल, कधी होईल आणि किती दिवस राहील, ते सांगायचं. जसं लसीचं वेळापत्रक असतं, तसंच तिच्या त्रासाचंही असतं. ते तोंडपाठ हवं.

पेंटाचा ताप त्याच दिवशी संध्याकाळी किंवा रात्री चढतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. त्यात डांग्या खोकल्याचे अख्खे मारलेले जंतू असतात, म्हणून ती जरा तापट लस. टोचल्या जागी दुखणं, लाली, गाठ हे नेहमीचं. गोवर-रुबेलाचं उलट आहे. ती जिवंत लस, शरीरात वाढायला वेळ घेते, म्हणून ताप किंवा बारीक पुरळ आलंच तर साधारण पाचव्या ते बाराव्या दिवसात येतं. बीसीजीचं, म्हणजे क्षयाच्या लसीचं, तर आणखी उशिरा: दोन-चार आठवड्यांनी दंडावर फोड, मग ती पिकल्यासारखी दिसते, खपली धरते आणि छोटा व्रण राहतो. ती फोड दाबायची नाही, तिला हळद-तेल-पावडर काही लावायचं नाही. हे आधी सांगितलं नाही तर आई महिन्याभराने घाबरून येते आणि तोवर आजीने चुना लावून झालेला असतो.

हे वेळापत्रक पाठ असण्याचा दुसराही फायदा आहे. गोवर-रुबेला दिल्याच्या रात्रीच बाळाला १०३ ताप चढला, तर तो बहुधा त्या लसीचा नाही. मग कान बघा, घसा बघा, लघवी विचारा. लसीवर खापर फोडून मोकळं झालं तर खरा आजार हातचा सुटतो.

दीड महिन्याच्या बाळाच्या आईला मी आता असं सांगते: “आज तीन सुया आहेत. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची, उजव्या दंडात पोलिओची, आणि तोंडात दोन प्रकारचे थेंब. रात्री ताप येईल असं धरूनच चाल. अंगावर पाजत राहा, जाड कपड्यात गुंडाळू नकोस. मांडी चोळायची नाही. ताप दोन दिवसांवर गेला, तीन तासांच्या वर थांबता थांबेना असं रडलं, झटका आला, बाळ लुळं किंवा पांढरं पडलं, प्यायचं सोडलं, तर माझी वाट न बघता दवाखान्यात ने.” आणि कार्ड जपून ठेवायचं, पुढची तारीख ही, ठिकाण हेच. सगळं मिळून मिनिटभर लागतं. मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

जागा सांगण्यामागेही कारण आहे. डावी मांडी म्हणजे पेंटा हे सगळीकडे ठरलेलं असतं, म्हणूनच गाठ कुठे आली यावरून ती कोणत्या लसीची हे कळतं. घाईत उजवी-डावी केली तर पुढे कुणालाच उलगडा होत नाही.

पॅरासिटामॉलबद्दल दोन शब्द, कारण लसीपेक्षा जास्त गोंधळ मी इथे पाहिला आहे. ड्रॉप्स वेगळे, सिरप वेगळं. ड्रॉप्समध्ये साधारणपणे १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं, लहान मुलांच्या नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२५. म्हणजे ड्रॉप्स चौपट कडक. मोठ्या भावाला अर्धा चमचा सिरप द्यायचे, म्हणून बाळाला अर्धा चमचा ड्रॉप्स पाजणारी आई मला घणसोलीत भेटली आहे, सुदैवाने पाजायच्या आधी. मात्रा बाळाच्या वजनावर ठरते, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. डॉक्टरांकडून ती मिलिलिटरमध्ये कार्डावर लिहून घ्या आणि बाटलीवरचं नाव आईला बोट ठेवून दाखवा.

सेंटरवरून निघताना

फ्रीझरमधून काढलेले आईसपॅक तसेच कॅरिअरमध्ये कोंबू नका. चार पॅक टेबलावर मांडा, घाम सुटू द्या, हलवल्यावर आत पाण्याचा खळखळ आवाज आला की मगच भरा. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रॅफिक असो की एमओ (वैद्यकीय अधिकारी) मॅडमचा फोन वाजत असो, ही पंधरा-वीस मिनिटं वाचवायची नाहीत. लसीला २ ते ८ अंश हवेत. उन्हाळ्यात सगळ्यांना उष्णतेची धास्ती असते, पण माझ्या पाहण्यात गोठूनच जास्त लसी वाया गेल्या आहेत. ओपीव्हीला, म्हणजे पोलिओच्या थेंबांना, गोठणं चालतं. पेंटा, हिपॅटायटिस बी, डीपीटी (घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात), टीडी (धनुर्वात-घटसर्प), पीसीव्ही (न्यूमोनियाची), आयपीव्ही (पोलिओची सुई) या गोठल्या की संपल्या.

का संपल्या, ते एकदा डोळ्यांनी पाहा. सेंटरवर कधी गोठलेली पेंटा निघाली तर फेकायच्या आधी एमओंना विचारून एक खेळ करा. ती वितळू द्या. शेजारी चांगली पेंटा ठेवा. दोन्ही व्हायल (लसीच्या बाटल्या) एका हातात धरून जोरात हलवा आणि टेबलावर ठेवून द्या. सुरुवातीला दोन्ही भाताच्या पेजेसारख्या गढूळ दिसतील. पाच-दहा मिनिटांनी वाकून, डोळ्याच्या रेषेत आणून बघा. चांगली अजून एकसारखी पांढुरकी असेल. गोठलेलीत वर स्वच्छ पाणी निघायला लागतं आणि खाली फाटलेल्या दुधासारखे कण बसतात. अर्ध्या तासात तर फरक दारातूनही दिसतो. ते कण म्हणजे ॲल्युमिनियमचा क्षार, ज्याला लस चिकटलेली असते. गोठल्यावर तो गोळा होतो, लसीचा जोर जातो, आणि तेच कण मांडीत गेले की दुखरी गाठ होण्याची शक्यता वाढते. मुळात पाण्यासारखी स्वच्छ असणारी आयपीव्ही मात्र अशी ओळखता येत नाही. गोठल्याचा संशय आला तर ती सरळ बाजूला काढायची.

व्हीव्हीएम (व्हायलवरची उष्णतेची खूण) सगळ्यांना माहीत असतं, तरी सांगते: आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका हवा. दोन्ही एका रंगाचे झाले की ती व्हायल गेली. पण हा चौकोन फक्त उष्णता सांगतो. गोठून बाद झालेल्या पेंटावर तो छान पांढरा दिसतो आणि आपण फसतो.

व्हायल हातात घेतल्यावर

३१ जानेवारी २०२१ ला आपल्याच राज्यात, यवतमाळ जिल्ह्यात, पोलिओच्या थेंबांऐवजी १२ मुलांना सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं बरी झाली. बातमी आली तेव्हा आमच्या सेंटरवर सगळ्या म्हणाल्या, “असं कसं कुणी करेल?” मी गप्प बसले, कारण मला माहीत होतं कसं होतं ते. गर्दीत हात डोळ्यांच्या पुढे धावतो. सामोआ नावाच्या बेटांवर २०१८ मध्ये दोन बाळं गेली, कारण गोवराच्या लसीची पावडर डायल्यूएंटऐवजी (ती कालवायच्या द्रावणाऐवजी) भूल देताना वापरायच्या औषधात कालवली होती. त्यानंतर तिथे गोवराचं लसीकरण काही महिने बंद पडलं, लोकांचा विश्वास उडाला, आणि २०१९ च्या गोवराच्या साथीत ८३ जणांचा जीव गेला, बहुतेक लहान मुलंच. एका ॲम्प्यूलवरचं (औषधाच्या काचेच्या कुपीवरचं) लेबल वाचलं गेलं नाही, त्याची किंमत इतक्या दूरवर गेली.

म्हणून माझा नियम: लसीच्या फ्रिजमध्ये फक्त लस आणि तिचं डायल्यूएंट. इन्सुलिन, ऑक्सिटोसिन, कुणाचा डबा, काहीही नाही. टेबलावरही तेच. सॅनिटायझरची बाटली मी पायाशी पिशवीत ठेवते. लेबल तीनदा वाचायचं: कॅरिअरमधून काढताना, भरताना आणि टोचायच्या आधी मोठ्याने, आईला ऐकू जाईल असं. “ही गोवर-रुबेला.” सुरुवातीला लाज वाटते, पण मग सवय होते.

डायल्यूएंट त्याच कंपनीचं, त्याच लसीचं आणि तेवढंच थंड हवं. बीसीजीचं डायल्यूएंट म्हणजे सलाईन, गोवर-रुबेलाचं म्हणजे निर्जंतुक पाणी. दिसायला दोन्ही सारखीच, अदलाबदल मात्र चालत नाही. कालवली की झाकणावर वेळ लिहायची. चार तासांत किंवा सेशन संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा ती बंद. या लसींत जंतू मारणारं काही घातलेलं नसतं, त्यामुळे उघड्या व्हायलमध्ये जंतू शिरले तर ते मजेत वाढतात. तशी लस टोचली तर काही तासांत बाळाला जुलाब, उलट्या, जबर ताप सुरू होतो आणि मग सावरायला वेळ मिळत नाही. पेंटा, पीसीव्ही, टीडी वगैरे पातळ लसींच्या उघड्या व्हायल नीट ठेवल्या, तारीख लिहिली तर २८ दिवस चालतात. हे दोन नियम एकमेकांत मिसळू देऊ नका.

मीही चुकलेली आहे. एका सेंटरवर असताना गोवर-रुबेलाच्या व्हायलवर तारीख लिहिली, वेळ लिहिली नाही. जेवणानंतर प्रश्न पडला, ही साडेनऊची की अकराची? तीन डोस उरले होते आणि समोर दोन बाळं. मी ती फेकली आणि त्या दोन आयांना थांबवून नवी फोडली. वरिष्ठांनी वेस्टेजवरून चांगलंच सुनावलं. सुनावू दे. ‘बहुतेक अकराची असेल’ यावर कुणाच्या बाळाला सुई लावायची नसते.

टोचण्याआधी आईला विचारायचं: मागच्या डोसाला काय झालं होतं? झटका, अंगभर गांधी, श्वास लागणं, दवाखान्यात भरती? आज बाळ कसं आहे? मागच्या डोसाला जबर ॲलर्जी झाली असेल तर ती लस द्यायची नाही, एमओंकडे पाठवायचं. साधी सर्दी, थोडं खोकणं, पातळ शी, कमी वजन ही लस टाळायची कारणं नाहीत. कमी वजनाच्या बाळाला तर ती जास्तच लागते. तरी “नाक वाहतंय, पुढच्या वेळी या” म्हणून परत पाठवलेली किती बाळं मी पाहिलीत! पुढची वेळ कधी येतच नाही. २०२२ च्या शेवटी गोवंडीत आणि भिवंडीत गोवर पसरला तेव्हा लस राहून गेलेली अशीच मुलं त्यात सापडली.

आता अर्धा तास

लस टोचली की काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. मला विचाराल तर जोखीम सांभाळण्याचं काम तिथून सुरू होतं. बाळाला घेऊन आईने अर्धा तास माझ्या नजरेसमोर बसायचं. दाराबाहेर नाही, रिक्षात नाही. मी कार्ड लगेच परत देत नाही, अर्ध्या तासाने देते. कार्ड माझ्याकडे असलं की आई कुठे जात नाही. आशाताईंना मी खुर्च्यांच्या बाजूला तोंड करून बसवते, रजिस्टरकडे नाही.

ॲनाफिलॅक्सिस म्हणजे जिवावरची ॲलर्जी. ती दहा लाख डोसांमागे साधारण एखाद्याला होते. बावीस वर्षांत मी ती एकदाही पाहिलेली नाही, आणि म्हणूनच मला तिची भीती वाटते. जे रोज होतं त्याला हात सरावलेला असतो, जे कधीच होत नाही त्याला नाही. तिच्यावरच्या औषधाचं किट रोज सोबत हवं आणि तीन महिन्यांतून एकदा घड्याळ लावून सराव हवा: किट उघडणं, ॲम्प्यूल फोडणं, भरणं, मांडी दाखवणं. आम्हाला पहिल्यांदा चार मिनिटं लागली होती. दोन मिनिटं तर झाकणाची चिकटपट्टी सोडवण्यातच गेली.

किटमध्ये ॲड्रिनॅलीन १:१००० च्या ॲम्प्यूल, ४० युनिटच्या इन्सुलिन सिरिंज, २४ किंवा २५ गेजच्या एक इंची सुया, कापूस आणि झाकणाच्या आतून चिकटवलेला वयाप्रमाणे डोसाचा तक्ता. इन्सुलिन सिरिंजची स्वतःची सुई आखूड असते, ती स्नायूपर्यंत पोचत नाही. म्हणून सुई बदलता येणारी सिरिंज घ्यायची आणि एक इंची लावायची. हिशेब किलोमागे ०.०१ मिलिलिटर. पाच किलोच्या बाळाला ०.०५, म्हणजे त्या सिरिंजवर दोन युनिट. दोन रेघा. इतकंसं औषध पाहून हात जास्त भरायला जातो, म्हणूनच तक्ता.

कधी द्यायचं? लस दिल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, आवाज घोगरा झाला, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, नाडी जलद पण बारीक लागली, बाळ मलूल पडलं. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र आली की थांबायचं नाही. आडवं झोपवा, पाय वर. ज्या मांडीत लस दिली त्याच्या दुसऱ्या मांडीच्या बाहेरच्या मधल्या भागात स्नायूत ॲड्रिनॅलीन. त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी १०८ लावायचा. वेळ हातावर पेनाने लिहा. दवाखान्यांत मला हमखास दिसतं ते म्हणजे आधी एव्हिल, मग हायड्रोकॉर्टिसोन, मग डॉक्टरांना फोन, आणि ॲड्रिनॅलीन कपाटातच. उलटं हवं. ते पहिलं औषध, बाकीची मागून.

आणि चक्कर? ती मात्र मी शेकडो वेळा पाहिली. एका शाळेत दहावीच्या मुलींना टीडी द्यायला गेलो होतो. वर्गातच टेबल, रांग दारापासून टेबलापर्यंत, प्रत्येक मुलीला पुढच्या मुलीचा दंड दिसतोय. चौथी मुलगी सुई काढता काढताच खाली बसली. रांगेत कुजबुज झाली, “ती मेली काय गं?” आणि पुढच्या दहा मिनिटांत आणखी सहा जणी पडल्या, त्यातल्या दोघींना तर लस दिलेलीच नव्हती! मुख्याध्यापिका बाई रडकुंडीला आल्या. मी पहिल्या मुलीची नाडी धरली: संथ होती. अंग गार, घामेजलं, चेहरा पांढरा, पण गांधी नाहीत, सूज नाही, श्वास स्वच्छ. झोपवून पाय वर केल्यावर अर्ध्या मिनिटात डोळे उघडून म्हणाली, “सिस्टर, मी सकाळपासून काही खाल्लं नाही.”

फरक त्या नाडीत आहे. चक्कर आली की नाडी संथ आणि माणूस झोपवल्यावर सावरतं, ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी पळते आणि झोपवून सावरत नाही. पण पाच वर्षांखालची मुलं भीतीने सहसा बेशुद्ध पडत नाहीत. बाळ अचानक निपचित झालं तर ‘घाबरलं असेल’ म्हणायचं नाही.

त्या दिवसापासून शाळेत मी दोन खोल्या मागते. एकीत लस, दुसरीत बसणं. एका वेळी एकच मुलगी आत, बसवूनच टोचायची, आणि आधी विचारायचं, “नाश्ता केलास का?” नसेल तर आधी बिस्किटं.

लिहायची भीती

हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. पूर्वी एका सेंटरवर असताना दहाव्या आठवड्याच्या डोसानंतर दुसऱ्या दिवशी एक बाळ भरती झालं. मी एईएफआयचा (लसीनंतर झालेल्या त्रासाच्या नोंदीचा) फॉर्म भरायला घेतला तर एक सिनियर म्हणाली, “कशाला लिहितेस? चौकशी लागेल. आपल्या अंगावर येईल.” मी भरला. चौकशी लागलीच, घाम फुटला, दोन रात्री झोप नाही. पण बाळाला गॅस्ट्रो होता. घरात आणखी दोघांना जुलाब होते, तेही चौकशीतच निघालं. फॉर्म नसता तर वस्तीत कायमचं राहिलं असतं: लस दिली आणि बाळ भरती झालं.

फॉर्म भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. पुढे समिती बसते आणि कारण ठरवते: लसीचा स्वतःचा गुणधर्म, लस बनवतानाचा दोष, देण्यातली चूक, सुईच्या भीतीने झालेला त्रास, की निव्वळ योगायोग. ते ठरवणं आपलं काम नाही. आपलं काम म्हणजे घडलं ते घडलं तसं लिहिणं.

मृत्यू, भरती, अपंगत्व, एकाच सेशनमधल्या किंवा एकाच बॅचच्या लसीने बऱ्याच जणांना झालेला त्रास, किंवा ज्यावरून वस्तीत गोंधळ माजला आहे असं काहीही गंभीर धरायचं. एमओंना लगेच फोन आणि २४ तासांत फॉर्म. लसीशी संबंध वाटो न वाटो. व्हायल, डायल्यूएंट, बॅच नंबर, वेळ, कुणी दिली, त्याच व्हायलमधून आणखी कुणाला दिली, हे सगळं लागतं. म्हणून उघड्या व्हायल सेशन संपताच फेकायच्या नाहीत. कालवलेल्या असतील तर ‘वापरू नये’ लिहिलेल्या पिशवीत घालून थंड जागी ४८ तास ठेवायच्या. आणि काही झालंच तर त्याच व्हायलमधून ज्यांना दिली त्या सगळ्या घरी त्याच संध्याकाळी जाऊन यायचं. सांगायला नाही, बघायला.

खाजगीवाल्यांनीही कळवायचं असतं. महापालिकेच्या लसीकरण अधिकाऱ्यांना, किंवा औषधांचे दुष्परिणाम नोंदवायच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला, १८००-१८०-३०२४. फोन फुकट आहे.

गाठ, ताप अशा साध्या त्रासांची नोंद मी वेगळ्या वहीत करते. तारीख, लस, बॅच, मांडी कोणती, किती दिवस. एकदा त्याच वहीमुळे कळलं की एका महिन्यातल्या गाठी सगळ्या एकाच आउटरीचच्या (वस्तीत जाऊन घेतलेल्या लसीकरणाच्या) बाळांच्या होत्या. तिथली नवी मुलगी सुई तिरपी धरत होती, लस कातडीखालीच राहत होती. तिला कुणी रागावलं नाही. काटकोनात कशी धरायची ते दोनदा करून दाखवलं, संपलं.

त्या आजीचं सांगायचं राहिलं. तिच्या दुसऱ्या नातवाच्या वेळी मी स्वतः घरी गेले आणि म्हटलं, “आजी, ताप येईल, गाठही येईल कदाचित.” त्या सुनेकडे बघून म्हणाल्या, “बघ, आता कशी खरं बोलतेय.” आणि बाळ माझ्या मांडीवर दिलं.

किटमधल्या दोन ॲम्प्यूलची तारीख याच महिन्यात संपते आहे. सोमवारी स्टोअरला चिठ्ठी द्यायची आहे, नव्या मुलींपैकी कुणीतरी आठवण करा.